अर्ध्या पाइपचे उमाटे काका

उमाटे काका कोणाच्याही घरी गेले की पाहुण्यासारखे बसत नसत. चपला दारात काढायच्या आणि पहिला प्रश्न, "मोरी कुठं हाये?" यजमानाला वाटायचं, माणूस लांबून आलाय, हातपाय धुवायचे असतील. काका मोरीत जाऊन नळाखाली बादली लावायचे, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहायचे आणि बादली भरली की बाहेर येऊन जाहीर करायचे, "तुमचा नळ बारीक चालते. जाळीत कचरा अडकला हाये." मग स्वतःच जाळी काढून, धुऊन, पुन्हा बादली लावून दुसऱ्यांदा वेळ घेतल्याशिवाय चहाला हात लावत नसत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा आईने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि विचारलं, "हे तुझे साहेब?"

"नाही गं, आमचे टेक्निशियन."

"मंग साहेब कसा असन!" आई म्हणाली. पण त्या दिवसापासून आमचा नळ मोठा चालायला लागला, आणि काका कधी येणार हे आईच विचारू लागली.

वर्ध्यात आमचं किराण्याचं दुकान आहे. मी इन्स्ट्रुमेंटेशन घेऊन इंजिनिअर झाले याचं घरात कौतुक होतं, पण म्हणजे नेमकं काय शिकले हे सांगताना माझ्या नाकी नऊ यायचे. शेवटी मी म्हणायचे, "मोजायला शिकले." त्यावर बाबा गल्ल्यावरच्या तराजूकडे बोट दाखवून म्हणायचे, "याच्यासाठी चार वर्षं लागली?"

नोकरी लागली ती आर्वी रस्त्याला, एका नव्या मोठ्या वसाहतीच्या सांडपाणी केंद्रात. वसाहतीचं नाव सांगत नाही, सगळी माणसं अजून तिथेच आहेत. घराघरांतलं सांडपाणी आमच्याकडे यायचं, शुद्ध व्हायचं आणि एका मोठ्या पाइपमधून उताराने खालच्या गावाच्या टाक्यात जायचं. त्या पाण्यावर गावातले पंधराएक शेतकरी वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायचे. रोज किती पाणी द्यायचं याचा गावाशी लेखी करार होता. म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या घाणीपेक्षा आमच्याकडून जाणाऱ्या आकड्याकडेच सगळ्यांचं लक्ष असे.

त्या आकड्याचे राखणदार म्हणजे उमाटे काका. मूळचे आष्टी तालुक्यातले, घरची संत्र्याची बाग. तरुणपणी कालव्यावर पाणी मोजणाऱ्यांच्या हाताखाली होते, पुढे कारखान्यांतून मीटर बसवत फिरले आणि साठी ओलांडल्यावर आमच्याकडे कंत्राटावर आले. यापलीकडचं त्यांचं चरित्र मला ठाऊक नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. स्वतःविषयी बोलण्यात त्यांना रसच नव्हता. बाकी जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींत होता.

बुटका, काटक माणूस. खिशात एक टेस्टर, खडूचा तुकडा आणि आरशाची काच. पंप चालू असला की टेस्टरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून ऐकत बसायचे. पाइप दिसला की बोटाच्या पेराने ठोकायचे, बाजारात टरबूज ठोकून घेतात तसा. "हा भरला हाये." "हा अर्धा." "हा तं ढणढण रिकामा." वसाहतीतून चालताना दुसऱ्यांच्या कंपाउंडमधले पाइपही ठोकायचे, दोनदा त्यांना कुत्रं लागलं आणि एकदा एक निवृत्त मास्तर.

प्रश्नांचं तर विचारूच नका. रसवंतीवाल्याला विचारायचे, एका कांडीतून किती गिलास निघतात आणि बर्फ धरून की सोडून. देवळात अभिषेक चालला असता पुजाऱ्याला विचारलं, पात्राचं भोक कोण पाडतं आणि किती मोठं ठेवायचं ते कशावरून ठरवतं. पुजारी चिडला नाही, विचारात पडला. त्याच्या आजोबांपासून तेच पात्र होतं आणि हा प्रश्न तीन पिढ्यांत कोणाला पडला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात मला केंद्राच्या उघड्या नालीपाशी घेऊन गेले. हातात दोन संत्री.

"मीटर शिकाले आली ना तू? मंग मीटर नसन तवा काय करशीन?"

काकांनी नालीच्या काठावर खडूने दोन रेघा मारल्या, एक संत्रं पाण्यात टाकलं, आणि पहिल्या रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत जायला किती वेळ लागतो ते मला मोजायला लावलं.

"चेंडू का नाही टाकत?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा असा खुलला की जणू मी पहिला नंबर काढला. "हां! असं इचारत जाजो. चेंडू वर तरंगते, त्याले वारा ढकलते. संत्रं बुडून चालते, त्याले पानीच ढकलते. आता वेग भेटला. मंग पानी किती गेलं ते सांग."

मी वेगाला नालीच्या रुंदीने आणि खोलीने गुणलं.

"कोनत्या खोलीनं? नालीच्या का पान्याच्या?"

मी नालीची खोली घेतली होती. नाली अर्धीच भरून वाहत होती. मी जीभ चावली. काका हसले नाहीत. दुसरं संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "एक मापाले, एक पोटाले. सगयेच चुकतात इथं."

गावाच्या टाक्याकडे जाणाऱ्या पाइपवर मात्र संत्री चालत नव्हती. तो जमिनीखाली, बंद. तिथे काकांनी स्वतःच्या हाताने विद्युतचुंबकीय मीटर बसवलं होतं. मी कॉलेजात त्याचं तत्त्व पाठ केलं होतं. ते कळलं काकांकडून. पाइपच्या भोवती चुंबकाची वेटोळी असतात. चुंबकाच्या टापूतून पाणी धावलं की त्यात कणभर वीज उपजते. पाइपच्या दोन्ही कुशींना, बरोबर मध्यावर, शर्टाच्या बटणाएवढे दोन धातूचे ठिपके असतात, ते ही वीज टिपतात. पाणी जेवढं जोरात, तेवढी वीज जास्त. आत पंखा नाही, चक्री नाही, काही अडकत नाही, काही झिजत नाही.

"पान्याले हात न लावता पान्याची नाडी पाहाची," काका म्हणायचे, आणि त्या वेळी त्यांच्या आवाजात जी माया यायची ती मी त्यांना नातवाविषयी बोलतानाही ऐकली नाही.

या मीटरपासून टाक्यापर्यंतच्या पाइपची आणि व्हॉल्व्हची निगराणी देविदासकडे होती. चाळिशीतला, आंजीचा माणूस. रोज लुनावर यायचा. बोलायचा कमी, आणि बोलला तरी जमिनीकडे बघून. व्हॉल्व्ह उघडणं, चेंबर तपासणं, गावातल्या लोकांचं ऐकून घेणं, ही त्याची कामं. गावात त्याला मान होता, कारण वांग्याला पाणी कधी लागतं हे त्याला आमच्या वेळापत्रकापेक्षा चांगलं कळायचं.

तर त्या वर्षी, मार्च संपता संपता, आमच्या मीटरचा आकडा एकाएकी वाढला. थोडाथोडका नाही, जवळजवळ दुप्पट. केंद्राचे मॅनेजर खूश झाले. ते नागपूरचे, अर्धी मराठी अर्धी हिंदी बोलणारे. "देखो मॅडम, आपण करारापेक्षा डबल पाणी देऊन राह्यलो!" त्यांनी गावाला तसं पत्रही पाठवलं. पत्र पोचताच गावातून चार जण आले आणि म्हणाले, डबल कसलं, टाकं जेवढ्या वेळात भरायचं तेवढ्याच वेळात भरतंय. हवं तर येऊन बघा.

मी जाऊन बघितलं. त्यांचं खरं होतं. इथून दहा जातंय आणि तिथे पाच पडतंय. माझ्यातली दुकानदाराची मुलगी जागी झाली. पोत्यातून निघालेलं डब्यात पोचलं नाही, तर मधे कोणाचा हात होता एवढाच प्रश्न आमच्या घरात विचारतात. मधे पाइपला एक जुना फाटा होता, वीटभट्टीकडे जाणारा. त्याच्या व्हॉल्व्हची चावी देविदासकडे. मी दोन महिन्यांचा आलेख काढला, लाल रेघेने फरक दाखवला आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. देविदासचं नाव मी कुठेही लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

देविदासला बोलावलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "सायेब, त्या फाट्याले मी हात नाई लावला. मी तं उलट टाक्यातल्या पाइपाचं तोंड मोकयं केलं. बेशरमाच्या झाडाच्या मुया घुसल्या होत्या, गाळ साचला होता. दोन दिस चिखलात होतो मी."

"त्याचा इथे काय संबंध?" हे मी म्हटलं. आज हे लिहिताना माझे कान गरम होतात. सगळं उत्तर त्या माणसाने आमच्या पुढ्यात ठेवलं होतं आणि मी, चार वर्षं मोजायला शिकलेली, त्याला विषयांतर करू नको म्हणून सांगत होते.

मॅनेजरनी काकांना विचारलं, मीटर बरोबर आहे ना? काका ताठ उभे राहिले. "मीटर बरोबर हाये. माह्या हातानं बसवलं. बसवलं तवा टाकं भराचा टाइम घेऊन ताडून पाह्यलं होतं, लोट्याचाबी फरक नाई निंघाला." रसवंतीवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत कोणाला न सोडणाऱ्या माणसाने त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. जगाचे पाइप ठोकत हिंडायचे, पण हा पाइप त्यांचा स्वतःचा होता.

देविदासला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. चौकशी करणार कोण, हे कोणी सांगितलं नाही. आठवडाभरात खालच्या गावात त्याला पाणीचोर म्हणू लागले. ज्यांच्या वांग्यांसाठी तो चिखलात उतरला होता, तेच.

याच सुमारास काकांचा डावा पाय सुजायला लागला. ते दवाखान्याला भीत नसत, फक्त वेळ वाया जातो म्हणत. मी त्यांना माझ्या स्कूटीवर बसवून सावंगीला घेऊन गेले. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी पायाला थंडगार जेली लावली आणि एक यंत्र फिरवत पडद्यावर शिरा बघायला लागल्या. यंत्रातून सूं-सूं आवाज यायला लागला. काका ताडकन कोपरावर उठले.

"हे काय वाजून राह्यलं?"

"तुमचं रक्त, काका. पडून राहा."

"रक्ताचा वेग मोजता तुम्ही? हात न लावता?"

"हो. आवाजाच्या लहरी सोडून मोजतो."

"मंग किती रक्त गेलं तेबी सांगता येत असन?"

डॉक्टरबाईंना घाई होती, बाहेर रांग होती. पण काकांच्या तोंडावरचं कुतूहल बघून त्या थांबल्या. "नुसत्या वेगावरून नाही सांगता येत. शीर त्या वेळी किती उघडी आहे, ते आधी बघावं लागतं. धमनी कायम भरलेली असते, तिचा प्रश्न नाही. पण शिरा दबतात, चपट्या होतात. हे बघा." त्यांनी यंत्र जरा दाबलं आणि पडद्यावरचं गोल भोक चपटं झालं. "शीर गोल आहे असं धरून हिशेब केला, तर माझं उत्तर चुकणार."

काका पडद्याकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, "गोल हाये का चपटी, हे तुमचं यंत्र आपोआप सांगते, का तुम्हाले पाहा लागते?"

"मलाच बघावं लागतं."

काका उठून बसले. पायाला जेली तशीच. "बाई," ते मला म्हणाले, "स्कूटी काढ." डॉक्टरबाई ओरडत होत्या की अजून झालं नाही. मी त्यांची माफी मागत मागत लंगडणाऱ्या काकांच्या मागे धावले.

रस्त्यात मी दोनदा विचारलं काय झालं. ते एवढंच म्हणाले, "गाईच्या गयात घंटी बांधली, तं ती सांगते गाय किती जोरात पयते ते. रस्त्यानं एक गाय गेली का सारा कळप गेला, हे घंटी कशी सांगन?"

मीटरचं चेंबर म्हणजे माणूसभर खोल खड्डा, वर लोखंडी झाकण. दोन मजुरांनी झाकण उचललं. मी नको म्हटलं तरी काका सुजल्या पायाने शिडी उतरले. मी वरून वाकून बघत होते. त्यांनी पाइपचं बूड ठोकलं, बद्द आवाज आला. मग कुशीत. मग जरा वर. मग माथ्यावर ठोकलं आणि तो आवाज मला वरपर्यंत ऐकू आला, घंटेसारखा. खडूने त्यांनी पाइपवर रेघ ओढली, मध्यापासून दोन बोटं वर. आणि मग तिथेच, ओल्या सिमेंटवर, बसून राहिले.

"काका?"

"वरचा अर्धा पाइप रिकामा हाये, बाई."

मग सगळं एकेक करून उलगडलं. काकांनी मीटर बसवलं तेव्हा टाक्याच्या तोंडाशी बेशरमाची मुळं आणि गाळ होता. पाणी तुंबून मागे यायचं आणि पाइप काठोकाठ भरलेला राहायचा, पाणी सावकाश सरकायचं. मीटर वेग मोजायचं आणि पूर्ण भरलेल्या पाइपने गुणायचं. उत्तर अचूक. पुढे देविदासने तोंड मोकळं केलं. तेवढंच पाणी आता अर्ध्या जागेतून दुप्पट वेगाने पळायला लागलं. मीटर बिचारं तो दुप्पट वेग घेऊन अजूनही पूर्ण पाइपने गुणत होतं. ते दोन धातूचे ठिपके पाइपच्या मध्यावर. पाणी त्यांच्या दोन बोटं वर. ठिपके ओले होते, त्यामुळे मीटरला शंका यायचं कारणच नव्हतं. पाणी आणखी दोन बोटं उतरलं असतं, तर मीटरने पाइप रिकामा झाल्याची बोंब मारली असती आणि देविदास त्याच दिवशी सुटला असता.

म्हणजे कोणी न सांगता काम इमानाने केलं म्हणून तो चोर ठरला होता. आळशी असता तर नोकरीत असता.

मॅनेजर समजूतदार होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "ठीक आहे ना काका. मीटर खराब झालं म्हणून लिहू. देविदासला उद्यापासून बोलवा. कंपनीकडून दुसरं मीटर मागवू. बात खतम."

"मीटर खराब नाई झालं," काका म्हणाले.

"अरे, लिहायला काय जातं?"

"सायेब, मीटरनं वेग इचारला तसा सांगतला. पाइप भरला हाये असं त्याले मीच सांगून ठेवलतं. ते नंतर एकदा जाऊन पाहाचं काम माहं होतं. मीटरवर कायले ढकलता?"

"पण तुमचं नाव खराब होईल, काका. चाळीस साल का काम."

"देविदासचं झालंच ना. त्याले तं तीन हप्ते झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आंजीला गेलो. देविदास घरी नव्हता, कोणाच्या तरी शेतात हळद उकडायच्या मजुरीला गेला होता. त्याची बायको सुनंदा दारात आली. आम्हाला ओळखलं, पण बसा म्हणाली नाही. आत गेली. आमच्याकडे दारी आलेल्याला पाणी दिल्याशिवाय कोणी परत पाठवत नाही, वैरी असला तरी. ती दोन गडवे घेऊन आली आणि ओट्यावर ठेवून म्हणाली, "घ्या. आमच्या घरचंच पानी हाये, चोरीचं नाई."

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आत जावं. काकांनी गडवा उचलला, सगळं पाणी पिऊन संपवलं, गडवा खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरी, तुह्या नवऱ्यानं काई नाई केलं. चूक माही हाये. थे आता मी गावात जाऊन सांगतो. तुले आधी सांगावं म्हनून आलो." सुनंदा गडवे उचलून आत गेली. आत भांडं आपटल्याचा आवाज आला.

खालच्या गावात टाक्याच्या काठावर सगळे जमले होते. देविदासलाही निरोप पाठवला होता, तो सगळ्यांच्या मागे, हळदीने पिवळ्या हातांनी उभा होता. काकांनी भाषण केलं नाही. कडुलिंबाच्या पारापाशी पडलेली एक पन्हाळ उचलली, तिच्यात कळशीने पाणी सोडलं. आधी पुढच्या टोकाला चिखलाचा गोळा लावून, मग गोळा काढून. गोळा होता तेव्हा पन्हाळ भरून पाणी सावकाश उतरत होतं. काढला तेव्हा तळातून सुसाट पळायला लागलं. "कयशी तीच हाये ना? धारबी तेवढीच सोडून राह्यलो ना? माह्या मीटरनं फक्त पयनं पाह्यलं. चिखल देविदासनं काढला, तुमच्याच साठी. अन् चोर म्हनलं मी."

"तुम्ही कुठं म्हनलं काका, आम्हीच म्हनलं," एक म्हातारा पुटपुटला.

"माह्या आकड्यावरून म्हनलं ना?"

कोणीतरी मागून हसत म्हणालं, "म्हंजे चाळीस वर्षांचं मोजमाप वाया गेलं म्हना!" काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि सरळ म्हणाले, "हो, गेलं." मग मीही पुढे होऊन सांगितलं की लाल रेघ माझी होती. माझा आवाज कोणाला ऐकू गेला की नाही कोण जाणे.

देविदास कामावर परत आला. पण काकांशी बोलायचा बंद झाला. माझ्याशी बोलायचा, मॅनेजरशी बोलायचा, काका समोर उभे असले तरी मला सांगायचा, "मॅडम, काकाले सांगा, तीन नंबरचा व्हॉल्व्ह गळून राह्यला." मला राग यायचा. माणसाने गावासमोर माफी मागितली, आणखी काय करायचं? काकांना तसं म्हटलं तर ते माझ्यावरच डाफरले. "तुले तीन हप्ते चोर म्हनले का कोनी? मंग तुले काय मालूम किती भरलं हाये त्याच्या मनात ते?"

दिवाळीनंतर नवं मीटर आलं, अर्ध्या भरलेल्या पाइपसाठी खास बनवलेलं. त्यात ठिपक्यांची एकच जोडी नाही, खालपासून वरपर्यंत चार जोड्या. पाणी जिथवर असेल तिथवरची जोडी बोलते. शिवाय पाइपच्या भिंतीत एक पट्टी, ती पाणी किती उंच आहे ते सांगते. वेगही घ्यायचा आणि उंचीही, आणि दोन्ही जुळवून उत्तर द्यायचं. काकांनी त्याचं माहितीपुस्तक चष्मा लावून, बोट फिरवत, चार दिवस वाचलं. इंग्रजी अडलं की मला हाक मारायचे. इतकं आनंदी मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला ते विचित्रही वाटायचं. ज्या गोष्टीने त्यांचं नाव घालवलं, तिच्याच पुढच्या धड्यावर माणूस इतका खूश? मी विचारलं तेव्हा म्हणाले, "चुकलो नसतो तं हे समजलं असतं का मले?" बसवल्यावर मात्र ते दर आठवड्याला झाकण उचलून खाली उतरायचे, पाय कसाही असो.

जानेवारीत पायाच्या दुखण्याने फारच उचल खाल्ली आणि काकांनी काम सोडलं. आष्टीला, मुलाकडे जायचं ठरलं. सामान टेम्पोने आधीच गेलं होतं. निरोपाला चहा आणि आलूबोंडे झाले, मॅनेजर खरोखर चांगलं बोलले. देविदास आला नव्हता. मी स्कूटीवरून काकांना बसस्टँडवर सोडणार होते. पुढच्या उन्हाळ्यात काका गेले आणि मला आष्टीला जाता आलं नाही, त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे ते उभे राहतात ते त्या दुपारचेच.

आम्ही फाटकापाशी आलो तर देविदास लुना चालू ठेवून उभा. जमिनीकडे बघत म्हणाला, "काका, बसा."

नऊ महिन्यांतले त्याचे काकांशी हे पहिले शब्द. काका गडबडले. "अरे, मॅडम सोडून देते मले बसस्टँडवर..."

"आष्टीची बस आंजीवरूनच जाते. तिथूनच बसा. सुनंदानं सैपाक केला हाये, वाट पाहून राह्यली."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातली आपली कापडी पिशवी घेतली आणि देविदासच्या खांद्याला धरून कसेबसे मागे बसले. पट्टी बांधलेला डावा पाय वाकत नव्हता, तो बाहेरच्या बाजूला सरळ लांब राहिला. देविदासने एकदा मागे वळून त्या पायाकडे बघितलं आणि लुना सोडली, बैलबंडीच्या चालीने. पुढे रस्त्यावर गतिरोधक होता. तिथे तो थांबला, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, आणि काकांना मागे बसवूनच, पायांनी ढकलत ढकलत, लुना अलगद त्यावरून पलीकडे नेली.